सोळा अंक आणि एका खोलीची किल्ली

शोधनिबंधावर ‘एस. कुलकर्णी’ असे नाव छापलेले असते. हे संजय, सुनीता की शशिकांत? लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे आधीचे निबंध कोणाच्या नावावर मोजायचे? ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. चीनमध्ये वांग, ली अशी मोजकीच आडनावे कोट्यवधी लोकांची आहेत. नेमणूक किंवा अनुदान ठरताना एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर पडले तर नुकसान व्हायचे ते होतेच. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑर्किड ही सेवा सुरू झाली. (फुलाशी संबंध नाही, इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत.) येथे कोणालाही विनामूल्य सोळा अंकी क्रमांक मिळतो आणि त्याच्या नावाचे एक पान तयार होते. त्या पानाला निबंध, नोकरीच्या नोंदी, स्वतःचे संकेतस्थळ, समाजमाध्यमांवरील खाती जोडता येतात. आता ‘जोडणे’ म्हणजे नेमके काय होते ते आपण पाहू.

प्रथम क्रमांक. त्यातला शेवटचा अंक तपासणीचा असतो. नमुना म्हणून नेहमी दिला जाणारा क्रमांक घेऊ: ०००० ०००२ १८२५ ००९७. डावीकडून एकेक अंक घ्यावा, आधीच्या उत्तरात मिळवावा आणि दुप्पट करावी. पहिल्या १५ अंकांनंतर १३१४ येतात. त्याला ११ ने भागले की बाकी ५ उरते. १२ मधून ५ वजा केले की ७. हाच शेवटचा अंक! (वजाबाकीचे उत्तर १० आले तर एक्स लिहितात, ११ आले तर ०, १२ आले तर १.) एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, तर ही चूक हमखास पकडली जाते. नववीच्या वर्गात हा खेळ सहज करून पाहता येईल.

गंमत अशी, की हा क्रमांक ज्या जोसाया कार्बेरी नावाच्या प्राध्यापकांचा आहे, ते अस्तित्वातच नाहीत. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात १९२९ पासून चालत आलेला तो एक विनोद आहे. म्हणजेच क्रमांक बरोबर असणे आणि त्यामागचा माणूस खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणीचा अंक लेखनिकाची चूक पकडतो, तोतया पकडत नाही.

फीडचेही तसेच. १९९९ मध्ये आलेल्या आरएसएस पद्धतीत संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी एका ठराविक साच्यात मांडून ठेवते. दुसरा संगणक ठरावीक वेळाने ती यादी वाचतो आणि नवे काही असेल तेवढे उचलतो. यादी उघड्यावर असल्याने किल्ली लागत नाही. साहजिकच, दुसऱ्याच्या लेखांची फीड कोणीही आपल्या पानाला जोडू शकतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाने त्यावर सोपी युक्ती वापरली आहे. तुमच्या पानावर संकेतस्थळाचा दुवा असला, तर त्या संकेतस्थळावर परत तुमच्या पानाकडे नेणारा, विशिष्ट खूण असलेला दुवा आहे का, हे तेथील संगणक स्वतः जाऊन पाहतो. तो दुवा ठेवणे संकेतस्थळ ज्याच्या हाती आहे त्यालाच शक्य असते.

मात्र दुसऱ्या संस्थेने तुमच्या पानावर लिहावे असे वाटत असेल, तर किल्ली द्यावीच लागते. पूर्वी काही संकेतस्थळे सरळ तुमच्या ईमेलचा पासवर्डच मागत. हे म्हणजे एका वर्गाला रंग लावायला आलेल्या माणसाच्या हाती मुख्याध्यापकांनी शाळेच्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा देण्यासारखे झाले. २००७ मध्ये पुढे आलेल्या ओऑथ पद्धतीत एकाच खोलीची किल्ली देता येते. तुम्ही पासवर्ड फक्त स्वतःच्या खात्याच्या संकेतस्थळावर लिहिता. तेथे ‘ही संस्था तुमच्या पानावर नोंद करू इच्छिते’ असे विचारले जाते. होकार दिलात की त्या संस्थेला अक्षरांची एक लांबलचक सांकेतिक माळ मिळते. या माळेने ठरलेले तेवढेच काम होते. निबंधांना कायमचे ओळखक्रमांक देणारी क्रॉसरेफ ही संस्था २०१५ पासून अशाच परवानगीने लेखकांच्या ऑर्किड पानांवर नवे निबंध आपोआप नोंदवते.

अशा पानावरची नोंद वाचताना तिच्याखालचे ‘स्रोत’ हे बारीक अक्षरातले नाव आम्ही आधी पाहतो. तेथे पानाच्या मालकाचेच नाव असेल तर तो त्याचा स्वतःचा दावा. विद्यापीठाचे किंवा क्रॉसरेफचे असेल तर ती माहिती दुसऱ्या कोणीतरी दिलेली आहे. सोळा अंकांपेक्षा हा तपशील कितीतरी अधिक बोलका आहे, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही.

दिलेल्या किल्ल्यांची यादी खात्याच्या सेटिंगमध्ये ‘विश्वासू संस्था’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली सापडते. नको असलेली परवानगी तेथून क्षणात काढता येते. पासवर्ड बदलण्याची गरज नसते, आणि नुसता पासवर्ड बदलला म्हणून जुनी परवानगी रद्द होईलच असे धरून चालू नये. परवानगी काढली तरी त्या संस्थेने आधी केलेल्या नोंदी पानावर तशाच राहतात. त्या नको असतील तर मालकाला स्वतः पुसाव्या लागतात.