चोर, संन्यासी आणि रहस्यकथा

गेल्या पावसाळ्यात वाचनालयातून एक जुनी मराठी रहस्यकथा घरी आणली. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली आणि अनेक हातांतून गेल्यामुळे कोपरे दुमडलेले. बाविसाव्या पानावर एका डॉक्टराचा प्रवेश होतो. त्याच्या नावासमोर, समासात, कोणा पूर्ववाचकाने पेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘हाच खुनी’. मला असा संताप आला, की पुस्तक तसेच परत करावेसे वाटले. पण पावसाची झड लागलेली, घरात न वाचलेले दुसरे पुस्तक नाही. तेव्हा निमूटपणे पुढे वाचू लागलो. गंमत अशी, की त्यानंतर त्या डॉक्टराची प्रत्येक हालचाल मला काळीबेरी दिसू लागली. तो हसला तर कपटाने हसला, गप्प बसला तर काही तरी लपवतो आहे, रोग्याला औषध दिले तर ते विषच असणार! शेवटच्या प्रकरणात उलगडा झाला तेव्हा कळले, की डॉक्टर अगदी निर्दोष होता. पेन्सिलवाल्याचा तर्क चुकला होता. पुस्तक संपण्यापूर्वीच त्याने निकाल लिहून टाकला, आणि संपल्यावर तो खोडण्याचे कष्ट काही घेतले नाहीत.

त्या दोन शब्दांनी मला बरेच दिवस विचारात पाडले. वर्षभरात मी ज्या रहस्यकथा वाचल्या, काही नव्याने, काही दुसऱ्यांदा, त्यांच्याकडे मी मग या पेन्सिलीच्या निमित्ताने पाहू लागलो. त्याचाच हा हिशेब आपल्यापुढे मांडतो आहे. खुनी कोण हे मात्र कोणत्याही पुस्तकाबाबत सांगणार नाही. श्रोत्यांनी निर्धास्त असावे.

रहस्यकथा म्हटली की आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांपासून सुरुवात करावी लागते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९०६ साली जन्मलेल्या आणि १९९६ साली निवर्तलेल्या या लेखकाने हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावे ज्यांनी बालपणी पांघरुणात कंदील घेऊन वाचली, ते लोक आज आजोबा झाले आहेत. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमची शकुंतला गाडी आता बंद आहे. पण ती चालत होती तेव्हा तिच्या गतीला शोभेल असे वाचन म्हणजे अर्नाळकर. मूर्तिजापुरास पुस्तक उघडावे आणि अचलपूर येईतो झुंजारने सर्व शत्रूंचा निकाल लावलेला असावा! त्यांच्यामागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही शेकड्यांनी पुस्तके लिहिली, आणि सुहास शिरवळकरांनी दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास यांना तरुणांच्या ओठांवर आणून ठेवले.

या पुस्तकांना नाक मुरडणारे पुष्कळ होते. मी त्यांच्यापैकी नाही. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी माणसांना वाचनाची गोडी लागली ती याच पुस्तकांनी. पण यंदा पुन्हा वाचताना एक गोष्ट मला खटकली. झुंजारला गुन्हेगार कोण ते आधीच ठाऊक असते. तो वाघासारखा झेप घेतो, पिस्तूल रोखतो आणि दुष्टाचे शासन करतो. आपण टाळ्या वाजवतो. मात्र पुरावा कोठे आहे, असे विचारायला कोणी थांबत नाही. झुंजार चुकत नाही असा लेखकाचा शब्द असतो, आणि त्या शब्दावर आपला भरवसा असतो. कथेपुरते हे ठीक आहे. प्रत्यक्ष जीवनात मात्र असा शब्द देणारा लेखक कोणी नसतो.

म्हणून मी रहस्यकथांचे दोन वर्ग करतो. पहिलीत साहस मुख्य, दुसरीत शोध मुख्य. साहसकथा आपल्याला विचारते, ‘आता पुढे काय होईल?’ शोधकथा विचारते, ‘तुला हे कशावरून कळले?’ हा ‘कशावरून’ म्हणजे शोधकथेचा प्राण आहे. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाची ‘रू मॉर्ग’वरील खुनांची कथा १८४१ साली प्रसिद्ध झाली, आणि तिला आधुनिक शोधकथेची आद्यकथा मानतात. तिच्यात पॅरिसचे पोलीस पेढीतल्या एका निरपराध कारकुनाला पकडून तुरुंगात टाकतात. आपली ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आहे ना, तिथूनच या वाङ्मयप्रकाराचा प्रारंभ झाला, असे म्हणायला हरकत नाही. चोर पकडणे हे शोधकथेचे अर्धे काम. संन्याशाला सोडवणे हे उरलेले अर्धे.

हा शोध वाचकासमक्ष, उघड्या पत्त्यांनी व्हावा असा दंडक पुढे इंग्लंडात पडला. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्याने १९२९ साली शोधकथेचे दहा नियमच लिहून काढले. डिटेक्टिव्हला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तत्काळ दिसला पाहिजे, दैवी चमत्काराने उलगडा करता कामा नये, असे ते नियम. अगाथा ख्रिस्तीची ‘रॉजर अ‍ॅक्रॉइड’ची कादंबरी १९२६ची, तिचा शेवट वाचून अनेकांना आपण फसवले गेलो असे वाटले आणि मोठा वाद माजला. मी ती यंदा दुसऱ्यांदा वाचली, यावेळी वकिलाप्रमाणे एकेक वाक्य तपासत. बाईंनी एकही खोटे विधान केलेले नाही! मी जे गृहीत धरले होते ते मीच धरले होते. पुस्तकातली पेन्सिल यावेळी माझ्याच हातात होती.

बंगाल्यांनी या प्रकाराला एक सुंदर शब्द दिला आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ साली अवतरला. त्याला स्वतःस डिटेक्टिव्ह म्हणवून घेणे आवडत नाही. तो म्हणतो, मी सत्यान्वेषी. सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५चा. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे तो आता मराठी मुलांच्याही घरचा झाला आहे. फेलूदाच्या हातात पिस्तूल क्वचितच येते, वही मात्र सतत असते. घरात मुले असतील त्यांनी फेलूदापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

आता आपल्या वऱ्हाडाशी संबंध असलेल्या एका पुस्तकाकडे वळतो. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीत असलेला इंग्रज अंमलदार. १८५७च्या धामधुमीत त्याला बुलढाण्यास पाठवून उत्तर वऱ्हाडाचा कारभार त्याच्याकडे दिला होता. या टेलरने त्यापूर्वी, १८३९ साली, ठगाच्या कबुलीजबाबाची एक कादंबरी लिहिली होती. अमीर अली नावाचा ठग तुरुंगात बसून आपण केलेल्या खुनांची हकीकत साहेबाला सांगतो, अशी तिची रचना. यात रहस्य नाही. खुनी पहिल्याच पानापासून आपल्यासमोर बसलेला आहे. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण हा मनुष्य गोड बोलतो, मुलाबाळांवर माया करतो आणि त्याच हाताने रुमालाचा फास टाकतो.

पण वाचून झाल्यावर माझा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : हे कशावरून? अमीर अली हा माफीचा साक्षीदार आहे. प्रत्यक्षातही ठगांचे खटले मुख्यतः अशा साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे होते. १८३६च्या कायद्याने तर अमुक एक खून केल्याचे सिद्ध व्हावे लागत नसे; ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. ठग नव्हतेच, असे मी म्हणत नाही. वाटमारी होती, खून होत होते. परंतु आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव घेणाऱ्याच्या शब्दावर जे लोक गेले, त्यांच्यात संन्यासी किती होते, हे कादंबरी विचारत नाही. वाचकाने ते विचारावे.

कबुलीजबाबावरून आपल्या मराठी रहस्यकथांची एक खोड आठवते. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टर सर्वांना दिवाणखान्यात जमवतात, बोट रोखतात आणि खुनी घडाघडा सारे कबूल करून टाकतो. आता १८७२च्या पुरावा कायद्याप्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. त्याच्या जागी २०२३चा भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे दिवाणखान्यातला तो खुनी दुसऱ्या दिवशी चांगला वकील गाठील आणि मोकळा फिरेल! कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की माराच्या भीतीने मनुष्य काहीही कबूल करतो. आपल्या लेखकांना कबुली लागते, कारण पुरावा जमवण्याचे काम त्यांनी केलेले नसते. कबुली वगळूनही उलगडा पटतो का, एवढे पाहावे. रहस्यकथेची याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

पुस्तकी करमणुकीला एवढे गंभीर रूप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला मी शेरलॉक होम्सच्या जनकाची हकीकत सांगतो. मुंबईत जन्मलेले शापूरजी एदलजी हे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडातल्या एका खेड्यात धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. १९०३ साली त्या भागात रात्री घोडे आणि गुरे कोणी तरी चिरू लागले. गावाला हे काळ्या वर्णाचे कुटुंब आधीपासूनच नकोसे होते. गावाने पेन्सिल उचलली आणि जॉर्जचे नाव लिहिले. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि तीन वर्षे त्याने तुरुंगात काढली. सुटल्यावर तो आर्थर कॉनन डॉयल यांस एका हॉटेलात भेटला. डॉयल मूळचे डॉक्टर. आत शिरताच त्यांना दिसले, की हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांशी अगदी चिकटवून वाचतो आहे. ज्याला दिवसा हातभर अंतरावरचे धड दिसत नाही, तो काळोख्या रात्री शेते तुडवीत, कुंपणे ओलांडीत जाऊन घोडे कसे कापील? १९०७ साली डॉयल यांनी हे सारे वृत्तपत्रांतून मांडले. जॉर्जला त्या गुन्ह्याची माफी मिळाली, नुकसानभरपाई मात्र एक पैची नाही. त्याच वर्षी इंग्लंडात फौजदारी अपिलांचे स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले, आणि त्याच्या कारणांत या प्रकरणाचाही वाटा होता.

इंग्लंडातल्या खेड्याला नावे ठेवणे सोपे आहे. आता आमच्या गल्लीचे सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या एका घरातून सोन्याची पोत नाहीशी झाली. त्या घरी धुणेभांडी करणारी एक बाई होती. नवरा नाही, पदरी एक लहान मुलगा. दुसरे कोणी घरात येत-जात नव्हते, एवढाच काय तो पुरावा. ती अंगणात उभी राहून म्हणाली, “मी नाई घेतली वो बाई. लेकराची आन घेतो.” त्यावर कोणी तरी म्हणाले, की चोर अशाच शपथा घेतात. मी तेव्हा कॉलेजात होतो, होम्स पाठ होता. तरीही तिच्या रडण्यात मला नाटक दिसले, तिच्या गप्प राहण्यात कपट दिसले, त्या डॉक्टरासारखेच. मी एकही प्रश्न विचारला नाही. चार घरची कामे सुटली आणि ती मुलाला घेऊन गाव सोडून गेली. पुढल्या आखाजीला ज्वारीची कोठी रिकामी करताना पोत तळाशी सापडली. धान्य काढताना ती गळ्यातून निसटली असावी. घरच्यांनी तिचा शोध केला, पण ती कोठे गेली हे कोणाला सांगता येईना.

श्रोतेहो, रहस्यकथा वाचून मनुष्य आपोआप न्यायी होतो, असे मी म्हणू शकत नाही. माझेच उदाहरण आपल्यासमोर आहे. पण ती नीट वाचली, तर संशय आणि पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे ती दर खेपेस आठवण करून देते. शंभर पानांवर ज्याच्याविषयी आपली खात्री झाली तो दोनशेव्या पानावर निर्दोष निघतो, आणि आपण मनातल्या मनात ओशाळतो. हे ओशाळणे फार मोलाचे आहे. पुस्तकात ते फुकट मिळते. बाहेर त्याची किंमत दुसराच कोणी तरी देतो.

ते वाचनालयाचे पुस्तक परत करण्यापूर्वी मी खोडरबर घेऊन बाविसाव्या पानावरची ती अक्षरे पुसली. कागद जुना होता, थोडा खरवडला गेला. पुसट खूण अजूनही दिसते. पुढच्या वाचकाने ती पाहिली, तर त्या डॉक्टराकडे संशयाने पाहण्यापूर्वी निदान थोडे थांबावे, एवढीच इच्छा.