मोबाईलवरची चर्चा ग्रामसभेपर्यंत कशी न्यावी?

१४ एप्रिल २०२० ची भीमजयंती आपण कोणीच विसरलेलो नाही. मिरवणूक नाही, चौकातली सभा नाही. टाळेबंदीत घरीच प्रतिमेला फुले वाहून आपण जयंती साजरी केली आणि व्याख्याने मोबाईलवर ऐकली. यवतमाळ जिल्ह्यात काम करणाऱ्या आम्हा काही कार्यकर्त्यांच्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. १६ तालुक्यांचा आपला जिल्हा. एका टोकाला उमरखेड, दुसऱ्या टोकाला वणी. या दोन टोकांची माणसे एका सभेला आणायची म्हणजे गाडीभाडे आले, मजुरी बुडाली, मुक्काम आला. मोबाईलवर तीच माणसे जेवण आटोपून पंधरा मिनिटांत एकत्र बसली.

टाळेबंदी उठल्यावरही आम्ही हे संवाद सुरू ठेवले. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, रोजगार हमी, व्यसन, अत्याचाराची प्रकरणे, मतदार यादी असे अनेक विषय झाले. या काळात आम्ही जे शिकलो, त्यात आमच्या चुकाही आहेत. त्या तरुण कार्यकर्त्यांपुढे मांडाव्यात म्हणून हा लेख.

'छान चर्चा झाली' म्हणजे काय झाले?

सुरुवातीला आम्ही हजेरी मोजायचो. चाळीस जण आले की आनंद व्हायचा. शेवटी सगळे 'जयभीम, छान चर्चा झाली' असे लिहून निघून जायचे. एका संवादात एक ताई म्हणाल्या, "आमच्या वस्तीत नाली कधी होईन? पावसाळ्यात विहाराच्या दारात पाणी येते." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. व्यवस्थेवर वक्त्यांनी जोरदार भाषण केले. तीन महिन्यांनी त्याच ताईंनी तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारला. त्या वेळी आम्हाला स्वतःचीच लाज वाटली.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सहभागावर पाने लिहिली होती. तो सहभाग मोजायचा कशाने, हे आम्हाला या ताईंनी शिकवले. तेव्हापासून प्रत्येक संवादाच्या शेवटी आम्ही एकच प्रश्न विचारतो: उद्या कोण, कोणत्या कार्यालयात, कोणता कागद देणार? आणि पुढच्या संवादाची सुरुवात करतो ती त्या कागदाची पोच दाखवून.

कोणता प्रश्न कुठे न्यायचा?

बोलणारे पुष्कळ असतात, पण दार कोणते ठोठवायचे हे माहीत नसते. म्हणून चार दारे सांगतो.

पहिले दार ग्रामसभेचे. गावच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य आहे. तिथे बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर लागतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. आपला विषय सभेच्या आधीच लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि सभेत तो इतिवृत्तात नोंदवला जाईपर्यंत जागा सोडू नये. इतिवृत्तात जे नाही, ते कागदावर घडलेच नाही असे समजावे.

दुसरे दार निधीचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. याशिवाय पूर्वी दलित वस्ती सुधार म्हणून ओळखली जाणारी, अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. त्यातून रस्ता, नाली, पाणी, दिवे, समाजमंदिर अशी कामे होतात. त्यासाठी गावाचा पाच वर्षांचा बृहत आराखडा तयार होतो. आपले काम त्या आराखड्यात आहे का, हा पहिला प्रश्न. आराखड्यात नसलेले काम कितीही गरजेचे असले तरी मागेच पडते.

तिसरे दार माहिती अधिकाराचे. २००५ च्या या कायद्यानुसार १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तो साधारण १५० शब्दांत मांडायचा असतो. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे, नाही मिळाले तर पहिले अपील करायचे. 'आमच्यावर अन्याय का करता?' असे अर्जात विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. असे विचारा: 'मागील आर्थिक वर्षात ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न किती होते, मागासवर्गीय कल्याणाच्या १५ टक्के निधीतून कोणती कामे झाली, त्या खर्चाच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात.'

चौथे दार अत्याचार प्रतिबंधाचे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व सनियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. उपविभागीय पातळीवरही समिती असते. तक्रार घेतली जात नसेल तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. गावात हे आकडे भिंतीवर लिहिलेले असावेत.

आमची एक चूक

एका रात्री एका मजूर ताईने आपल्या गावातील पाण्याच्या वाटपाबद्दल मोकळेपणाने सांगितले. कुणीतरी तो आवाज ध्वनिमुद्रित करून पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी तो गावात पोहोचला आणि कापूस वेचणीच्या ऐन हंगामात तिला आठ दिवस कुणी कामावर बोलावले नाही. बोलली ती आणि सुरक्षित राहिलो आम्ही.

संविधानाच्या कलम १९ ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. फेसबुकवरील मजकुरासाठी पालघरमध्ये २०१२ साली दोन तरुणींना अटक झाली होती. पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. परंतु ज्याच्या शेतात काम करायचे त्याच्याविरुद्ध बोलताना भीती पोलिसांची नसते, उद्याच्या मजुरीची असते. म्हणून आता आमचे काही नियम आहेत. ध्वनिमुद्रण नाही. व्यक्तीवर नाही, विषयावर बोलायचे. ज्याला नाव सांगायचे नाही त्याचा प्रश्न संचालकाने मांडायचा. निवेदन एकट्याच्या सहीने कधीच द्यायचे नाही, किमान पंधरा-वीस सह्या हव्यात. एवढे करूनही कुणी काम बंद केले, तर अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर आर्थिक किंवा सामाजिक बहिष्कार टाकणे वा तशी धमकी देणे हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे, हे लक्षात ठेवावे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचाही समावेश झाला, त्यामुळे हे संरक्षण आपल्यालाही आहे.

जे दिसत नाहीत त्यांचे काय?

मोबाईलवरच्या सभेत कोण आहे यापेक्षा कोण नाही, हे पाहणे महत्त्वाचे. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलाकडे किंवा घरधन्याकडे असतो. वेचणीहून आलेली बाई चूल पेटवण्याच्या वेळी सभेला बसू शकत नाही. आम्ही वेळ रात्री साडेआठची केली आणि विहारात एका फोनला स्पीकर जोडून सगळ्यांनी एकत्र ऐकायची पद्धत सुरू केली. त्यानंतर आयाबाया बोलू लागल्या, त्याही आपल्या वऱ्हाडी बोलीत. शुद्ध भाषेची अट घातली असती तर नालीचा प्रश्न आमच्यापर्यंत आलाच नसता.

महाडने काय शिकवले?

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही ठराव केला. कागद होता, पण तळ्यावर कुणी गेले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी परिषदेतून उठून बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले. त्यानंतरची न्यायालयीन लढाई १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालली. म्हणजे परिषद, प्रत्यक्ष पाऊल आणि कागदाची लढाई ही तिन्ही कामे तिथे झाली. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' काढणारे बाबासाहेब विचारांच्या प्रसाराचे महत्त्व जाणत होते, पण ते प्रसारावर थांबले नाहीत.

आपल्या हातातला मोबाईल ही आजची परिषद आहे. तळ्यावर मात्र पायांनीच जावे लागेल.

त्या नालीचे काय झाले? ताईंनी बावीस सह्यांचा अर्ज दिला, पोच घेतली, महिला सभेत आणि मग ग्रामसभेत विषय मांडला. पहिल्या वेळी तो इतिवृत्तात आला नाही. दुसऱ्या वेळी आला. काम आता आराखड्यात आहे, नाली अजून झालेली नाही. पण विहाराच्या दारातले पाणी आता केवळ हळहळ करण्याचा विषय राहिलेला नाही. त्यावर तारीख आहे, शिक्का आहे आणि उत्तर देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आहे.

आपल्या गावाची पुढची ग्रामसभा कधी आहे? माहीत नसेल तर उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. येताना मागच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. पुढच्या संवादाला हा विषय पुरेसा आहे.

जयभीम!