समोरासमोरच्या दोन रांगा

बँकेच्या परीक्षेतलं दोन रांगांचं पझल सोडवायला डोकं फार तल्लख लागतं, असं मानलं जातं. मला ते तितकंसं पटत नाही. लागते ती नोंदीची शिस्त. सोलापूर जिल्ह्यातलेच आठ तालुके बसवून पाहू. वरच्या रांगेत बार्शी, माढा, करमाळा, मोहोळ, तोंडं दक्षिणेला; खाली पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, तोंडं उत्तरेला. मंगळवेढ्याच्या उजवीकडे दुसरं पंढरपूर. पंढरपूरसमोर जो आहे, तो बार्शीच्या लगेच डावीकडे. बार्शीसमोर अक्कलकोट. सांगोला मंगळवेढ्याशेजारी नाही. करमाळ्याच्या लगेच उजवीकडे मोहोळ. पहिल्याच वाक्यातून दोन केस निघतात: कागदावर मंगळवेढा डावीकडून पहिला किंवा दुसरा. पुढची दोन वाक्यं दोन्हींत बिनतक्रार बसतात. निकाल लावतं ते चौथं, नकारार्थी वाक्य. घाईत नेमकं तेच नजरेआड होतं. दुसऱ्या केसमध्ये सांगोला मंगळवेढ्याला चिकटतो, म्हणून ती खोडायची. उरतं ते असं: वर माढा, बार्शी, मोहोळ, करमाळा, खाली मंगळवेढा, अक्कलकोट, पंढरपूर, सांगोला.

खरी मेख दिशेत आहे. वरच्या रांगेचा उजवा हात कागदावर डावीकडे येतो. हे प्रत्येक वाक्यात विसरलं तर काहीच जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते. फक्त शेवटच्या वाक्यात विसरलं, तर मोहोळ आणि करमाळ्याची अदलाबदल होऊनही मांडणी छान जुळलेली दिसते. अर्धवट चूकच जास्त महागात पडते ती अशी. म्हणून पहिलं वाक्य वाचण्याआधी दोन्ही रांगांच्या टोकांना 'डा' आणि 'उ' लिहून ठेवावं.

आयबीपीएसच्या पीओ पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे 35 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. दोन केस मांडायला वेळ कुठे, असं कुणी म्हणेल. पण पाच प्रश्नांच्या पझलच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं येतात, आणि एकच केस धरून चाललं नि ती फसली, तर सगळं पहिल्यापासून. वर चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो तो वेगळाच. कॅश काउंटरवर या रांगांचा काय उपयोग, हा आक्षेप मात्र मी निम्मा मान्य करतो. गर्दी गाळायला काहीतरी चाळणी हवी, एवढंच उत्तर देता येतं. राहिला, पॅटर्न पाठ केले की भागतं, हा मुद्दा. पण एक नाव बदललं तरी पाठांतर कोसळतं. वरच्या उदाहरणात बार्शीसमोर अक्कलकोटऐवजी सांगोला बसवून पाहावा: दोन्ही केस बाद होतात.