शब्दार्थ: ‘स्कँडल’ म्हणजे नेमकं काय? घोटाळा, प्रकरण की भानगड?

नोव्हेंबर 2010 मध्ये मूळचे नांदेडचे असलेले मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. इंग्रजी वृत्तपत्रांत त्याला ‘आदर्श स्कॅम’, ‘आदर्श स्कँडल’ म्हटलं गेलं, मराठीत ‘आदर्श घोटाळा’. पण स्कँडल म्हणजे घोटाळाच का?

‘स्कँडल’ हा शब्द मूळचा ग्रीक. ‘स्कँडालॉन’ म्हणजे सापळ्यातली आमिष लावलेली काडी. तिला धक्का लागला की सापळा मिटतो. बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो ‘ठेच लागेल असा अडथळा’ या अर्थाने आला. पुढे लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचेपर्यंत त्याला बेअब्रूचा अर्थ चिकटला. इंग्रजीतला ‘स्लँडर’, म्हणजे बदनामी, हा त्याचाच सख्खा भाऊ. खोट्या बदनामीसाठी मराठीत वेगळाच शब्द आहे: कुभांड.

आता ‘घोटाळा’ पाहा. मांजर पायात घोटाळतं, विचार मनात घोटाळत राहतो. नावात घोटाळा झाला असं आपण म्हणतो, तेव्हा फक्त गोंधळ अभिप्रेत असतो, कुणी पैसे खाल्लेले नसतात. ग्रीक शब्दाशी याचं काही नातं नाही, पण पायात येणारी गोष्ट दोन्हीकडे आहे, हा योगायोग मजेशीर.

‘प्रकरण’ हा शब्द जास्त सावध. पुस्तकाचं प्रकरण, कोर्टातलं प्रकरण. संस्कृतात तर हा नाटकाचा एक प्रकार, ‘मृच्छकटिक’ हे त्याचंच उदाहरण. मार्च 1986 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनी राजीनामा दिला. मुलीचे एमडी परीक्षेतले गुण वाढवल्याचा आरोप होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले होते. ते ‘गुणवाढ प्रकरण’ म्हणून लक्षात राहिलं.

फरक नुसता शब्दांचा नाही. ‘प्रकरण’ म्हटलं की निकाल बाकी आहे असं वाटतं, ‘घोटाळा’ म्हटलं की निकाल लागलाच. ‘कथित’ हे विशेषण जोडलं तरी ते वाचतो कोण? कुलाब्यातली 31 मजली ‘आदर्श’ इमारत कारगिलच्या वीरांसाठीच्या जमिनीवर उभी राहिली, असा मूळ गवगवा होता. चौकशी आयोगाने 2012 मध्ये जमीन राज्य सरकारची असून ती कारगिलसाठी राखीव नव्हती, असं म्हटलं. डिसेंबर 2017 मध्ये उच्च न्यायालयाने चव्हाणांवर खटला चालवण्याची राज्यपालांची परवानगी रद्द केली. नावातला ‘घोटाळा’ मात्र हलला नाही.

राहिली ‘भानगड’. शहरी मराठीत तिला प्रेमप्रकरणाचा वास येतो. हिमायतनगरकडे मोटार सुरू होईना, बस येईना, तरी माणूस सहज विचारतो, “काय भानगड हाय?” म्हणजे एवढंच, की झालं तरी काय.