पैदाशीचा मेंढा कसा निवडावा?

श्रोतेहो, पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी पाण्याच्या कामामुळे सर्वांना ठाऊक आहे. १९७५ नंतर त्या गावाने नाले अडवले, बांध घातले आणि एक कडक नियमही स्वतःला लावून घेतला : चराईबंदी. त्यामुळे माती थांबली आणि गवत उभे राहिले. पण ज्याच्या दारी मेंढरं आहेत त्याला प्रश्न पडतोच की, रान मोजके, तर मेंढरं वाढवायची कशी? उत्तर असे की, डोकी वाढवू नयेत. आहेत त्यांचा कस वाढवावा. आणि त्याची सुरुवात मेंढ्यापासून होते.

एक मेंढी वर्षाला एखादे कोकरू देते. मेंढा मात्र पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो. तेवढ्या साऱ्या कोकरांचा तो बाप, आणि त्यांच्या रक्तातला निम्मा वाटा त्याचा. म्हणजे मेंढा निवडला की पुढचा निम्मा कळप निवडला म्हणायचा.

आता हा मेंढा आपण ठरवतो कसा? आमचे आजोबा छाती पाहत, पाय पाहत, शिंगांचा पीळ पाहत. ते पाहायलाच हवे. लंगडा किंवा अंडात दोष असलेला मेंढा डोळ्यांनीच ओळखावा लागतो. पण दोन ठिकाणी डोळा हमखास फसतो.

पहिले ठिकाण बाजाराचे. पैशाची नड आली की सर्वांत भरलेले नर कोकरू आधी विकले जाते, कारण भाव त्यालाच येतो. मागे राहते ते रोडके, आणि पुढे तेच कळपाचा बाप होते. टपोरे बी विकायचे आणि पोचट दाणा पेरायचा, असा हा व्यवहार झाला.

दुसरे ठिकाण जुळ्यांचे. समजा, तीन महिन्यांचे एकुलते कोकरू पंधरा किलोंचे भरले आणि जुळ्यांतले साडेबारा किलोंचे. डोळा पहिल्यालाच पसंत करणार. पण दुसऱ्याने आईचे दूध भावंडाबरोबर वाटून घेतले आहे! त्याच्या आईने एका वेतात पंचवीस किलो कोकरू वाढवले, पहिलीने पंधरा. डोळ्यावर विसंबून आपण वर्षानुवर्षे जुळे देणारे रक्तच कळपाबाहेर काढत असतो.

म्हणून वही हवी. कोकराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला घालावा आणि त्या क्रमांकापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : जन्मतारीख, आई, बाप, एकुलते की जुळे, आणि तीन महिन्यांचे वजन. वजनाला टांगता काटा पुरतो. मग तुलना सारख्याची सारख्याशी करावी : जुळ्याची जुळ्याशी, त्याच हंगामातल्याची त्याच हंगामातल्याशी. वजनाचा काही भाग रक्तातून येतो, बाकीचा चारापाण्यातून. चारापाणी सारखे असताना जो पुढे गेला, त्याच्या रक्तात काही असण्याचा संभव जास्त. बापाची नोंद असली म्हणजे मेंढा आपल्याच लेकींना लागण्याचा धोकाही टळतो. आपल्याच जिल्ह्यात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात, दख्खनी मेंढ्यांच्या सुधारणेचे काम अशा नोंदींच्या आधारानेच झाले आहे.

पण मंडळी, काही गुण वहीलाही लवकर सापडत नाहीत. मेंढा काही स्वतः वीत नाही. मग त्याच्या लेकी जुळी देतील की नाही, हे आधी कसे कळावे? याचे उत्तर सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या कामात आहे. बंगालच्या सुंदरबनात गरोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे. ती दोन-दोन, तीन-तीन कोकरे देते. १९९०च्या दशकात संस्थेने गरोळचा संकर दख्खनीशी केला. पुढे २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतले जुळेपणाचे जनुक नेमके हुडकले. तेच जनुक गरोळमध्येही निघाले. त्याला ‘फेक-बी’ म्हणतात. मग रक्ताच्या थेंबावरून ते ओळखता येऊ लागले. जनुक असलेली कोकरे ठेवून त्यांचा पुन्हा दख्खनीशी संकर करत गेल्याने अंगलट मोठी राहिली आणि जुळेपणही टिकले. हीच ‘नारी सुवर्णा’ मेंढी.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक बापाकडची. मेंढ्यात फेक-बीच्या दोन्ही प्रती असतील तर त्याच्या प्रत्येक कोकराला एक मिळतेच. एकच असेल तर सरासरीने निम्म्यांना मिळते. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. एक प्रत असलेल्या शंभर मेंढ्यांमागे मात्र दीडशेच्या आसपास कोकरे होतात.

इथे एक सावधगिरी हवी. जुळी जन्मली म्हणजे जगलीच असे नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर आईला खुराक मिळाला नाही, तर दूध दोघांना पुरत नाही आणि दोन्ही कोकरे हातची जातात. तेव्हा वहीत किती जन्मली त्याबरोबर किती वाढली, हेही लिहा. खुराकाची सोय नसेल तर जुळ्यांचा हव्यास नको.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मेंढपाळाचा वाडा फिरता असतो आणि पुष्कळदा घरात लिहिणारे कोणी असते ते शाळेत जाणारे पोरच. गणिताच्या तासाला सरासरी शिकवाल, तेव्हा या कोकरांची वजने फळ्यावर मांडा. पोराला गणित येईल, आणि बाजाराच्या दिवशी बाप कोकरू सोडायला निघाला की ते म्हणेल, “आबा, थांबा. हा बारा नंबर विकू नका. हा जुळ्यातला आहे.”