सुझनचं काय झालं?

सी. एस. लुईस यांना मुलांची पत्रं येत आणि ते त्यांना स्वतःच्या हाताने, टाकाने उत्तरं लिहीत. ऑक्सफर्डमध्ये मध्ययुगीन साहित्य शिकवणारा हा प्राध्यापक. ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ प्रसिद्ध झालं आणि १९५६ पर्यंत नार्नियाच्या सात कादंबऱ्या पुऱ्या झाल्या. १९६३ साली लुईस गेले, तोवर हा पत्रव्यवहार चालू होता. त्यातली निवडक पत्रं १९८५ साली पुस्तकरूपाने आली. या मालिकेबद्दल गेल्या सत्तर वर्षांत वाचकांनी जे जे म्हटलं, त्यातला मोठा भाग त्या पत्रांतल्या मुलांनी आधीच विचारून ठेवला होता. मोठ्यांची टीका पुष्कळ उशिरा आली.

कथा बहुतेकांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनची मुलं खेड्यापाड्यांत पाठवली गेली. खुद्द लुईस यांच्या घरीही अशी मुलं राहून गेली होती. कादंबरीतली पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी ही भावंडं अशीच एका प्राध्यापकाच्या जुन्या वाड्यात येतात. ल्यूसी कोटांनी भरलेल्या कपाटात शिरते आणि पलीकडे बर्फाळ जंगलात निघते. तिथे एका चेटकिणीने कायमचा हिवाळा लादलेला असतो, आणि सगळे वाट पाहत असतात अस्लान नावाच्या सिंहाची.

पहिला नापसंतीचा सूर घरचाच होता. लुईस यांचे जवळचे मित्र टोल्किन यांना ही कथा मुळीच आवडली नाही. रोमन पुराणातला बकऱ्याच्या पायांचा फॉन, उत्तर युरोपातले बुटके, बोलणारे प्राणी आणि वर भेटवस्तू वाटणारा फादर ख्रिसमस, हे सगळं एकाच जंगलात कसं नांदणार? एकेका भाषेचं व्याकरण रचून मग जग उभारणाऱ्या माणसाला ही सरमिसळ खपणं शक्यच नव्हतं. पण मुलांचं या बाबतीत काही अडत नाही. रामायणातली वानरसेना आणि पंचतंत्रातला कोल्हा एकाच दुपारी ऐकणाऱ्या आपल्या मुलांचं तर नाहीच नाही.

मुलांना आठवतं ते टर्किश डिलाइट. घसरगाडीत बसलेली चेटकीण एडमंडला आपल्या अंगरख्यात घेते, तांब्याच्या बाटलीतून एक थेंब बर्फावर टाकते आणि हिरव्या रेशमी फितीने बांधलेला गोल डबा तिथे प्रकट होतो. एडमंड तोंड भरून खातो. ती मध्येमध्ये प्रश्न विचारते आणि तो तोंडातला घास न संपवता सांगत जातो: एक भाऊ, दोन बहिणी, एक बहीण इथे येऊन गेलेली. आपण नेमकं काय सांगून बसलो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. हे पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाई रेशनवर मिळत होती. तिच्यावरचं नियंत्रण उठलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये. तेव्हाच्या मुलाला डबाभर मिठाई म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आजचे अनेक वाचक मात्र मोठेपणी साखर, स्टार्च आणि गुलाबपाण्याची ती वडी खातात आणि यासाठी एडमंडने भावंडांना विकलं होय, म्हणून हिरमुसतात. मला ही तक्रार म्हणजे लेखकाला मिळालेली दादच वाटते. पानावरची चव जिभेवरच्या चवीपेक्षा सरस ठरली, याहून अधिक काय हवं?

खरा वाद पेटतो तो अस्लानवरून. एडमंडच्या बदल्यात तो स्वतःचा जीव देतो आणि पहाटे पुन्हा उठतो. ख्रिस्ती घरातल्या मुलाला यातली येशूची कथा लगेच ओळखू येते, निदान मोठेपणी तरी येतेच. अमेरिकी समीक्षक लॉरा मिलर यांचं लहानपणी या पुस्तकांवर जिवापाड प्रेम होतं. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना हा धार्मिक अर्थ कळला आणि आपल्याला फसवलं गेलं असं वाटलं. त्या दुखावलेपणातून २००८ साली ‘द मॅजिशियन्स बुक’ हे सुंदर पुस्तक निघालं. नेमकी उलटी चिंता १९५५ साली एका अमेरिकी आईने लुईस यांना कळवली होती: माझ्या मुलाला भीती वाटते की त्याचं येशूपेक्षा अस्लानवरच जास्त प्रेम आहे. लुईस यांनी तातडीने उत्तर पाठवून मुलाची समजूत घातली. मेरीलँडच्या पाचवीतल्या मुलांना त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. पुस्तकातलं प्रत्येक पात्र कशाचं तरी सोंग घेऊन आलेलं नाही. असं एखादं जग असतं आणि देवपुत्र तिथे सिंह होऊन आला असता तर काय घडलं असतं, अशी ही कल्पना आहे.

मला त्यांचं म्हणणं पटतं, कारण आपल्याकडच्या अनेकांनी हे पुस्तक त्या अर्थाची किल्ली हातात नसतानाच वाचलंय. वधस्तंभ मनात नसतो, तरी दगडी मेजावर बांधलेल्या, आयाळ कापलेल्या सिंहापाशी रात्रभर बसलेल्या दोन मुली पाहून घसा दाटतोच. प्रसंग स्वतःच्या बळावर उभा आहे.

सुझनच्या बाबतीत मात्र मी लुईस यांच्या बाजूने नाही.

सातव्या पुस्तकात, ‘द लास्ट बॅटल’मध्ये, जुने सवंगडी नार्नियाच्या शेवटी एकत्र येतात. इंग्लंडमध्ये रेल्वे अपघातात ते सगळे गेलेले असतात. सुझन त्यांच्यात नसते. ती कुठे, असं राजा तिरियन विचारतो. पीटर तुटक उत्तर देतो की ती आता नार्नियाची मैत्रीण उरलेली नाही. मग बाकीचे बोलतात: तिला फक्त मोजे, लिपस्टिक आणि आमंत्रणं यांतच रस, तिला मोठं व्हायची फार घाई. पीटर विषय बंद करतो आणि सगळे झाडावरची फळं खायला लागतात.

फिलिप पुलमन यांनी १९९८ साली ‘गार्डियन’मध्ये या मालिकेवर कडाडून हल्ला चढवला, त्यात सुझनचा मुद्दा ठळक होता. जे. के. रोलिंग यांनीही तिच्यावरच्या अन्यायाबद्दल नाराजी बोलून दाखवली. (पुलमन यांची स्वतःची कादंबरीमालिकाही कपाटात लपलेल्या मुलीपासूनच सुरू होते. इतका राग जवळच्याच पुस्तकाचा येतो.) सुझनला स्वर्गाचं दार बंद झालं, असं टीकाकार सर्रास म्हणतात. ते मात्र बरोबर नाही. ती त्या गाडीत नव्हती, ती जिवंत आहे, एवढंच पुस्तक सांगतं.

पण माझा आक्षेप वेगळा आहे. त्या घोळक्यात एडमंड उभा आहे. मिठाईसाठी ज्याने सख्ख्या भावंडांना शत्रूच्या हाती दिलं आणि ज्याच्या माफीसाठी अस्लानने मरण पत्करलं, तो एडमंड बहिणीसाठी चकार शब्द काढत नाही. सुझनबरोबर ती रात्र जागलेली ल्यूसीही गप्प आहे. मुलाच्या विश्वासघाताला एक अख्खी कादंबरी मिळाली आणि मुलीच्या नटण्यामुरडण्याला चार-दोन टोमणे. एरवी इतक्या मायेने लिहिणाऱ्या लेखकाचा हात इथे आखडला, हे मला आजही सलतं.

हाच आखडलेपणा नार्नियाच्या शत्रुराज्यातल्या, कालोरमेनच्या लोकांबाबतही दिसतो. सावळे, पागोटी घातलेले, वाकड्या तलवारींचे, गुलाम विकणारे. नार्नियात मनाने रमलेल्या भारतीय वाचकाला आपल्यासारखी दिसणारी माणसं शत्रूच्या गोटात सापडतात. शेवटच्या पुस्तकात एमेथ या कालोरमेनी सैनिकाला अस्लान जवळ करतो, पण तो एकटाच. मुलांपासून ही पुस्तकं लपवावीत असं मला वाटत नाही. ती पानं येतील तेव्हा घरातलं कुणी मोठं माणूस बोलायला शेजारी असावं.

वाचनाच्या क्रमाचाही वाद आहे. १९९४ पासून ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर एक क्रमांक छापला जातो, कारण नार्नियाचा जन्म त्यात आहे. एका मुलाला लिहिलेल्या पत्रात लुईस यांनीही कालक्रमाकडे कौल दिला होता, मात्र क्रमाला फार महत्त्व नाही असंही म्हटलं होतं. तरी सुरुवात कपाटानेच करावी. बर्फात एकटा जळणारा दिव्याचा खांब ल्यूसीला दिसतो, तेव्हा तो तिथे कसा आला हे वाचकालाही माहीत नसलेलंच बरं.

सुझनबद्दल पहिली तक्रार मुलांनीच केली होती. एका मुलाला लुईस यांनी कळवलं की तिला सुधारायला पुष्कळ वेळ आहे. १९६० साली एका वाचक मुलीने पुन्हा तोच विषय काढला. सुझनची वाट मोठ्यांच्या कादंबरीसारखी लांबलचक होईल, ती मला लिहायची नव्हती, पण तू लिहून पाहा ना, असं त्यांनी तिला सुचवलं. पुढे कादंबरीकार नील गेमन यांनी २००४ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ सुझन’ ही कथा लिहिली. त्यात एक वृद्ध प्राध्यापिका आहे. तरुणपणी रेल्वे अपघातात तिची भावंडं गेली आणि त्यांचे मृतदेह तिलाच ओळखावे लागले. नायलॉनचे मोजे आवडणं हा गुन्हा नव्हे आणि मागे उरणं हे बक्षीसही नव्हे, हे त्या प्रसंगातून फार खोल जाणवतं. कथा कठोर आहे, तिच्यातली स्वप्नं तर भयंकरच. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी ती देणार नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी, सातवं पुस्तक पुन्हा एकदा वाचून झाल्यावर, नक्की देईन.