कोषाचं नाव की जीवाचं?

मंडळी, आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कपाशी पेरणाऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. बोंड पोखरते ती अळी, मातीत-पाचोळ्यात सापडतो तो कोष आणि कामगंध सापळ्यात अडकतो तो पतंग, हे तिन्ही एकच. पण समजा, अळी आणि पतंग कुणी पाहिलेच नाहीत, हाती नुसते कोष लागले. मग नाव कशाला द्यायचं?

स्पिनिफेरिटीस रॅमोसस या जीवाश्माबाबत हाच पेच पडला. आपल्या काळ्या कातळात तो शोधू नका. आपला दगड लाव्हाचा. तो मिळतो समुद्राच्या गाळातून झालेल्या खडकांत. युरोपातल्या चकमकीच्या दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरताना बर्लिनच्या एरेनबर्ग यांना 1830 च्या दशकात तो दिसला. केसाच्या जाडीहूनही लहान गोळा, अंगभर काटे. त्यांनी त्याला गोड्या पाण्यातल्या एका हिरव्या शेवाळाच्या प्रजातीत बसवलं. 1850 मध्ये मँटेल यांनी स्पिनिफेरिटीस हे नाव दिलं, पण ते विस्मरणात गेलं. 1933 मध्ये ऑटो वेट्झेल यांनी हिस्ट्रिकोस्फेरा असं नवं नाव काढलं आणि तेच रुळलं. पुढे जुन्या नावाचा मान जुन्यालाच, या नियमाने मँटेल यांचं नाव परत आलं. नावं बदलत राहिली, पण हा जीव कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं!

उत्तर त्याच्या अंगावरच लिहिलेलं होतं. नीट बघा. पृष्ठभागावर बारीक बांध आहेत, शेताच्या धुऱ्यासारखे. त्यांनी गोळ्याचे तुकडे पाडलेत. जिथे बांध एकमेकांना मिळतात, तिथूनच काटा उगवतो. काट्याच्या टोकाला तीन फाटे, आणि प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन टोकं. काटे म्हणजे कुठेही उगवलेली कुसळं नव्हेत, त्यांच्या जागा ठरलेल्या. आणि एका बाजूला, कमरेच्या पट्ट्याच्या किंचित वर, एका तुकड्याएवढं भोक.

हे भोक फुटल्याची खूण मानता येईल. पण फुटलेली वस्तू दर वेळी त्याच जागी, त्याच आकारात कशी फुटेल? 1961 मध्ये विल्यम एव्हिट यांनी यातून निष्कर्ष काढला: हे दार आहे, आतला जीव इथून बाहेर पडला. बांधांची मांडणी डायनोफ्लॅजेलेट नावाच्या, दोन शेपट्यांनी पोहणाऱ्या एकपेशीय जीवाच्या कवचाशी जुळते. म्हणजे हा त्याचा विश्रांतीचा कोष. पोहणाऱ्या पेशीचं कवच सहसा विरून जातं. कोषाची भिंत इतकी चिवट की दगड विरघळवणाऱ्या आम्लातही टिकते.

त्याच दशकात वॉल आणि डेल यांनी आजच्या समुद्रातल्या गाळातले जिवंत कोष प्रयोगशाळेत उबवले. स्पिनिफेरिटीसच्या कोषांतून गोनियॉलॅक्स स्पिनिफेरा या नावाने आधीच ओळखीचा असलेला जीव पोहत बाहेर आला.

मग एक नाव रद्द करायचं ना? मलाही, तर्कशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून, आधी तसंच वाटलं. पण गोनियॉलॅक्स स्पिनिफेरा म्हटल्या जाणाऱ्या पेशींशी एक नव्हे, अनेक तऱ्हांचे कोष जुळले. पेशी पाहणाऱ्याला जे एक वाटतं, ते कोष पाहणाऱ्याला अनेक. आता चुकतंय कोण? कदाचित पेशींमधला फरकच आपल्याला दिसत नसेल. म्हणून कोषाला एक आणि पोहणाऱ्या पेशीला दुसरं, अशी दोन्ही नावं चालू आहेत, आणि मला ती लबाडी वाटत नाही. हाती कोष असेल तर कोषाचंच नाव घ्यावं.

माझी तक्रार आहे ती रॅमोसस या शब्दाबद्दल. क्रिटेशसच्या आरंभापासून आजपर्यंतचे काटेरी गोळे त्यात कोंबले गेलेत. त्यामुळे खडकाचं वय सांगायला ते नाव फारसं उपयोगी पडत नाही.